फोटोत कोण नाही

मिलिंद,

तू गेल्याचं ग्रुपवर मीच टाकलं. शेजारच्या मालतीताईंचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी व्हायची होती. ती तशीच ठेवून गिरगावातून परळला आलो. तुझ्या खोलीत बायका बसल्या होत्या, बाहेर गॅलरीत पुरुष उभे होते. कुणीतरी म्हणालं, हॉस्पिटलच्या जुन्या लोकांना कळवायला हवं. मी चार ओळी लिहिल्या आणि 'जुने सोबती' ग्रुपवर टाकल्या.

पुढचं तुला सांगायलाच हवं. तुझा फोन तुझ्या उशाशी होता आणि चालू होता. तुला दिसायचं नाही म्हणून आलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायची त्याला सवय. त्याने वाचायला सुरुवात केली. "फोल्डेड हँड्स. फोल्डेड हँड्स. फोल्डेड हँड्स." हात जोडलेली चित्रं धडाधड येत होती आणि आतल्या त्या बाईच्या कोरड्या आवाजात फोन एकेक मोजत होता. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. कुणाला काही कळेना. मला कळत होतं, पण मी दारातच उभा राहिलो. शेवटी तुझ्या मुलाने, सम्यकने, पुढे होऊन फोन बंद केला. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. गेलं दीड वर्ष मी त्याच्याशी बोललेलो नव्हतो.

तू असतास तर हसून लोळला असतास. "किती झाले रे? आपल्या प्यून लोकांचे धरून सांग," असं काहीतरी विचारलं असतंस. मला मात्र त्या क्षणी इतका संताप आला की जिना उतरता उतरता मी ग्रुपमधून बाहेर पडलो. म्हणजे तू गेलास त्या दिवशी, त्याच तासात, मीही 'लेफ्ट' झालो. लोकांनी काय अर्थ काढला असेल ते काढो.

आता मुद्द्याचं. मला तुला एक गोष्ट सांगायची राहिली. दीड वर्षापूर्वी एका रविवारी मी तुला एक फोटो खोटा सांगितला. कुठला, ते सांगतोच. पण सगळ्या गोष्टी एकदम सांगितल्या की तू चिडायचास. "केसपेपर पहिल्या पानापासून वाच," म्हणायचास. तेव्हा पहिल्या पानापासून.

मी हॉस्पिटलात नवा लागलो तेव्हा जुन्या केसपेपरांच्या खोलीत बसायचो आणि मला फार शिष्टपणा होता. तू खाली टेलिफोन ऑपरेटर. तोंडओळख नाही, फक्त आवाजाची. एका दिवशी तू एकाच बाईला तीनदा माझ्याकडे जोडून दिलंस. साताऱ्याकडची कुणी बाई, नवऱ्याचे जुने कागद शोधत होती, आणि मी तिला तीनदा "उद्या फोन करा" म्हणालो होतो. तिसऱ्यांदा मी तणतणत खाली आलो. जिन्याखालची ती बिनखिडकीची खोली, मध्ये टेलिफोनचा बोर्ड, आणि तू कानाला यंत्र लावून बसलेला. मी शिव्या घालायला तोंड उघडलं, तर तू न वळता म्हणालास, "चालीवरून तुम्ही बुटके वाटता. आवाज उंच माणसाचा आहे हो." मग म्हणालास, "ती बाई एसटीडी बूथवरून बोलतेय. मी लाईन सोडलेली नाही. कागद शोधता का, की मी चौथ्यांदा जोडू?"

मी धावत वर गेलो. कागद मिळाले. ते तिला वाचून दाखवेपर्यंत तू लाईन धरून बसला होतास. त्या खोलीत ऑपरेटर म्हणून बसायला कुणी तयार नसायचं, वारा नाही, उजेड नाही. तू मात्र खुशीत होतास. "खिडकी नाही म्हणून लोक रडतात. मला सांग, मला काय फरक पडतो?" असं तू मोठ्या डॉक्टरांनाही ऐकवायचास आणि त्यांना हसावं की नाही ते कळायचं नाही.

त्या काळी गावाकडून फोन यायचे. आमचा माणूस ॲडमिट आहे, जगला का मेला एवढं सांगा. वॉर्डचं नाव माहीत नसायचं, कधी पेशंटचं पूर्ण नावही नसायचं. दुसरा कुणी "चौकशीला या" म्हणून मोकळा झाला असता. तू एकेक वॉर्ड फिरायचास, बोर्डावरून. "सिस्टर, तुमच्याकडे कुडाळचे कुणी आजोबा आहेत का, कपाळावर जुनी खोक असलेले?" आणि पलीकडच्याला मधूनमधून सांगत राहायचास, "मी आहे हं. ठेवू नका." तुझ्या नोकरीतलं हे 'मी आहे हं' मी किती वेळा ऐकलं असेल! तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. तुझं कामच ते, असं वाटायचं. आता वाटतं, कामापुरतं तेवढं कोण करतं?

आपण दोघं रिटायर झालो आणि सगळं जग त्या हातातल्या काचेत गेलं. मला वाटलं होतं, या बाबतीत तरी तू माझ्या बाजूने असशील. तुला तर काचेवरचं काहीच दिसत नव्हतं. पण नाही! तू पहिल्या दिवसापासून त्याच्या प्रेमात. लोक आवाज रेकॉर्ड करून पाठवतात हे कळल्यावर तर तुला लॉटरी लागल्यासारखं झालं. पाच-पाच मिनिटांचे निरोप पाठवायचास, मध्ये खोकायचास, मालतीताईंना "हां, डबा ठेवा तिथेच" म्हणायचास, आणि पुन्हा मूळ विषयावर यायचास.

या विषयावर आपण किती भांडलो! मी म्हणायचो, या ग्रुपने माणसं आळशी झाली. फोटो बघितला की यांना भेटल्यासारखं वाटतं. कुणाकडे जायला नको, यायला नको.

"पूर्वी काय रोज जात होते?" तू विचारायचास. "पूर्वी विसरायचे, गिरगावकर. सरळ विसरायचे. आता निदान नाव तरी दिसतं."

"नाव दिसून काय उपयोग?"

"तो तुझा प्रश्न आहे. वायरीने काय करायचं? वायर आहे, नंबर आहे, माणूस पलीकडे बसलाय. बोलणाऱ्याने तोंड उघडायला नको?"

हे भांडण कधी संपलं नाही. मी चिडून ग्रुप सोडायचो, कुणीतरी मला परत घ्यायचं, आणि तुझा फोन प्रामाणिकपणे दोन्ही वेळा तुला कळवायचा. "तुझं आज काय, आत की बाहेर?" असंच विचारून तू माझा फोन उचलायचास. आधी जयभीम, मग हे.

कदम सिस्टरांचा किस्सा मी कितीतरी जणांना सांगितला आहे. त्यांच्या यजमानांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी त्यांनी ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. खाली हात जोडल्यांची रांग लागली. मीही जोडले, खोटं कशाला बोलू. तुझ्या फोनने ती सगळी रांग तुला वाचून दाखवली आणि ती संपल्यावर तू सिस्टरांना फोन लावलास. नंतर मला म्हणालास, "पाऊण तास रडत होत्या. मी नुसता हं हं करत होतो. आता तू लाव."

"मी काय बोलू?"

"बोल कोण म्हणतंय? लाव फक्त."

मी दोन दिवस टाळलं. मग लावला. सिस्टर म्हणाल्या, "दोघांचेच आले फोन. तुमचा आणि मिलिंदभाऊंचा." मला लाज वाटली, कारण माझा फोन माझा नव्हताच, तो तू लावून दिलेला होता.

आता आपल्या रविवारांकडे येतो. माझी सुमन गेली त्याला पाच वर्षं झाली. ती गेल्यावर चार महिने मी घरातून फारसा बाहेर पडलो नाही. मुलगी बंगळुरूला, ती रोज सकाळी अंगठा पाठवायची, मी अंगठा परत पाठवायचो. दोघंही जिवंत असल्याची खात्री पटायची. एका शनिवारी तुझा फोन आला. "गिरगावकर, माझा फोन लिहिलेलं सगळं वाचतो, पण फोटो आला की नुसतं 'इमेज' म्हणतो आणि पुढे जातो. दिवसभर इमेज, इमेज, इमेज. डोकं फिरलंय. उद्या ये आणि काय आहे ते सांग."

मी आलो. मग दर रविवारी येत राहिलो. अकराची बस, साडेअकराला तुझा जिना, आधी चहा, मग तुझा फोन माझ्या हातात. आठवड्याचे साचलेले फोटो मी एकेक करून सांगायचो. मालतीताई याला आपलं 'फोटोवाचन' म्हणायच्या आणि कधीकधी दारात पाय मुडपून ऐकायला बसायच्या. गुलाबांवर सुप्रभात लिहिलेले फोटो मी भराभर ढकलायचो. तू विचारायचास, "गुलाब कुठल्या रंगाचा?" मी म्हणायचो, "मरू दे रे." तू म्हणायचास, "सावंताने पाठवलाय ना? मग पिवळा असणार. त्याला कधी धड काही निवडता आलंय?" आणि तो खरोखर पिवळाच असायचा.

माणसांचे फोटो असले की तुझी पद्धत ठरलेली होती. आधी कोण कोण आहे ते मी सांगायचं. कोण जाड झालं, कुणाचे केस गेले, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवलाय. मग तू थोडा थांबायचास आणि विचारायचास, "आणि कोण नाही?"

पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मला प्रश्नच समजला नाही. फोटोत नाही ते मी कसं बघणार? तू म्हणालास, "जोशीच्या मुलीचं लग्न आहे ना, मग जोशीचा भाऊ कुठाय?" मी पुन्हा बघितलं. भाऊ नव्हता. तू जोशीला फोन लावलास, मुलीचं अभिनंदन केलंस आणि सहज विचारलंस. भाऊ आजारी होता, परळलाच एका दवाखान्यात होता, ग्रुपवर कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी आपण दोघं तुझी काठी घेऊन त्याला बघायला गेलो. पुढे मला सवयच लागली. कुठलाही फोटो आला की मी आधी नसलेली माणसं शोधायला लागलो. अजूनही शोधतो.

आणि मग तो फोटो आला.

सम्यकने माहीमला घर घेतलं होतं. तो तुला सांगत होता, "बाबा, फर्निचरचं काम चाललंय, झालं की नेतो तुम्हाला." तू ते मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. त्या रविवारी मी तुमच्या नातेवाइकांचा ग्रुप उघडला आणि सम्यकच्या बायकोने टाकलेला फोटो समोर आला. नवी भिंत, बुद्धमूर्ती, समोर फुलं, मेणबत्त्या, चीवरातले भन्तेजी. सम्यक नवा कुर्ता घालून बसलेला, बायको शेजारी, तिचे आईवडील, सम्यकच्या ऑफिसातले वाटावेत असे चारपाच जण, हातात खिरीच्या वाट्या. फर्निचर सगळं जागच्या जागी. गृहप्रवेश होऊन गेला होता.

तू त्या ग्रुपवर आहेस हे त्या मुलीला माहीत होतं. पण तिच्या मनात इतकंच आलं असणार, की फोटो काय, बाबांना थोडाच दिसणार आहे. इतकी साधी चूक. लिहिलं असतं तर तुझ्या फोनने वाचलं असतं, म्हणून लिहिलं काहीच नव्हतं. नुसता फोटो.

"काय आहे?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "कुणाचा तरी साखरपुडा दिसतोय. तुझ्या साडूंकडचं कुणीतरी."

"कोण कोण आहे?"

"ओळखीचं कुणी नाही."

तू थांबलास. मला माहीत होतं आता काय विचारशील ते.

"आणि कोण नाही?"

मी तुझ्यावर ओरडलो. "अरे ओळखत नाही म्हटलं ना! मग कोण नाही ते कसं सांगू?" इतक्या जोरात ओरडलो की मालतीताई दारात आल्या. तू म्हणालास, "बरं. चहा टाक." मी आत जाऊन गॅससमोर उभा राहिलो. साखर दोनदा घातली. तू तो चहा मुकाट्याने प्यायलास.

दोन महिन्यांनी सम्यक तुला नव्या घरी घेऊन गेला. पुढच्या रविवारी तू मला सांगत होतास, खोल्या किती, वारा कसा येतो, लिफ्ट किती बोलकी आहे. "आम्ही वंदना केली सगळ्यांनी मिळून. घर छान आहे रे." मी "वा" म्हटलं. या माणसाला वाटतंय की हीच पहिली वंदना, असं मनात येत होतं आणि सम्यकचं तोंडही बघू नये असं वाटत होतं. ज्याला मी खांद्यावर बसवून राणीची बाग दाखवली, ज्याच्या दहावीच्या निकालाला मी तुझ्याआधी रडलो, त्या पोराचे फोन मी उचलायचे बंद केले. त्याने दोनतीनदा लावले. मग त्यानेही सोडलं. वाढदिवसाला त्याचा केकवाला संदेश यायचा, मी उघडायचोही नाही.

तुला खरं सांगायचं मी किती वेळा ठरवलं. बसमध्ये वाक्यं जुळवायचो. तुझ्या जिन्यावर ती विसरायचो. एकदा तर "मिलिंद, ऐक" असं म्हणालोही होतो. तू म्हणालास, "ऐकतोय." मी म्हटलं, "पंख्याचा आवाज येतोय, तेल घालायला हवं." आणि आपण पंख्यावर बोललो. मित्र म्हणवतो मी स्वतःला! चाळीस वर्षं ज्याने एकाही माणसाची लाईन तोडली नाही त्याला मी एक वाक्य सांगू शकलो नाही. माझ्या मनात हेच सलत होतं की तू खोट्यात गेलास. माझ्या खोट्यात.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहार भरला होता. हॉस्पिटलचे लोक आले होते, आणि ग्रुपवर हात जोडून मोकळे झाले असं मी ज्यांना समजत होतो त्यातलेही पुष्कळ आले होते. सावंत आला होता. कदम सिस्टर नालासोपाऱ्याहून, गुडघे धरत, आल्या होत्या. हे तुझ्या पारड्यात टाकतो. आपलं भांडण मिटलं असं मात्र समजू नकोस.

वंदना झाली, लोक बोलले. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. जेवणं चालू झाली तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर चपला घालत होतो, आणि सम्यक येऊन शेजारी बसला. एवढा मोठा झालेला माणूस, कानशिलावर केस पांढरे. तुझ्यासारखाच मान जराशी तिरकी करून ऐकतो.

"काका, तुम्ही माझ्याशी का बोलत नाही ते मला माहितीये," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग विचारतोस कशाला?"

"विचारत नाहीये. सांगतोय. बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो फोटो. तुम्ही यायच्या आधीच कळला होता त्यांना. मी त्यांच्या त्याआधीच्या वाढदिवसाला नवा फोन दिला ना, त्यात फोटो वाचणारं ॲप टाकून दिलं होतं. बायकोला ते माहीत नव्हतं. सगळं सांगतं ते. खोलीत इतके लोक आहेत, समोर फुलं आहेत, मागे बुद्धमूर्ती आहे, एक माणूस पांढऱ्या कुर्त्यात बसलाय. माणसांची नावं सांगत नाही. पण बाबांना काय, तेवढं पुरलं."

मी चपलेचा पट्टा धरून बसलो होतो. तो पुढे बोलत राहिला.

"त्या संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर, त्यांचा मला फोन आला. मला वाटलं, आता ओरडणार. मी कारणं तयार ठेवली होती, काका. ऑफिसचे लोक येणार होते, हिच्या घरचे, काचेचं टेबल, बाबांना धरून कोण बसणार. दोन तासांचा प्रश्न आहे, नंतर निवांत आणू. असलंच सगळं. पण त्यांनी घराचं विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, 'सम्यक, काका आज माझ्याशी खोटं बोलला. त्याला जमत नाही ते, सारखा घसा खाकरतो. त्याच्यावर ही पाळी तू आणलीस, म्हणून फोन केला.' आणि ठेवून दिला."

मिलिंद, तू कुणाचाही फोन असा ठेवून दिलेला मी तरी कधी ऐकला नव्हता.

सम्यक म्हणाला, त्या रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता तो परळला आला, तुझ्या पायाशी बसला. तू त्याला दहा मिनिटं बोलू दिलंस आणि मग विचारलंस, जेवलास का. नव्या घरी न्यायला दोन महिने तूच त्याला थांबवून ठेवलंस, लगेच गेलो तर मला सगळं कळलंय असा काकाला संशय येईल म्हणून.

माझ्या मनात दीड वर्ष साचलेलं जे होतं ते असं एका मिनिटात बिनकामाचं झालं. आणि तुला खरं सांगतो, पहिल्यांदा मला तुझा रागच आला. म्हणजे ॲप होतं! दर रविवारी मी चष्मा पुसून, फोन लांब धरून, जोशीचं पोट आणि सावंताचे गुलाब वर्णन करत होतो, आणि तू ते सगळं आधीच ऐकून बसलेला असायचास. वर "रंग कुठला?" म्हणून विचारायचास! मी सम्यकला जवळजवळ ओरडूनच विचारलं, "मग मला कशाला बोलवत होता तो?"

सम्यकने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मीही हेच विचारलं होतं त्यांना. म्हटलं, काकांना एवढ्या लांबून कशाला त्रास. तर म्हणाले, 'ॲपचं नाव काढायचं नाही त्याच्यासमोर. मानी माणूस आहे, काम नाही म्हटलं की यायचा बंद होईल. वहिनी गेल्यापासून रविवारी त्याला जायला दुसरं कुठे आहे?'"

मी तिथे, विहाराच्या दारात, सगळ्यांसमोर, चप्पल हातात घेऊन रडलो. आपल्या वयाची माणसं अशी रडत नाहीत म्हणतात. मला काही थांबवता आलं नाही. मला वाटायचं मी तुला जग दाखवायला येतो. बसमध्ये बसताना माझी मान ताठ असायची, माहीत आहे? कुणी विचारलं कुठे चाललात, तर म्हणायचो, "मित्राकडे. त्याचं माझ्यावाचून अडतं."

सम्यकने माझ्या हातातली चप्पल घेतली आणि खाली ठेवली. म्हणाला, "काका, येत्या रविवारी माहीमला या. वाचायला काही नाही. काही कामही नाही. नुसते या."

बोलावणं आलं की आधी नको नको म्हणायचं, मग दुसऱ्यांदा विचारू द्यायचं, मग बघतो म्हणायचं, ही माझी सवय तुला माहीत आहे. सुमन त्यावरून मला बोलायची, तूही बोलायचास.

मी लगेच हो म्हटलं, मिलिंद. त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.